बहुमताचा सातबारा

अटलांटा शहराच्या उत्तरेला, साधारण तासाभराच्या अंतरावर फोर्सिथ काउंटी आहे. गेल्या वीसेक वर्षांत तिथे भारतीयांची मोठी वस्ती झाली आणि तिच्यात मराठी कुटुंबेही आहेत. माझ्या एका नातेवाइकाने तिथे घर घेतले, तेव्हा खरेदीखताची प्रत त्याने मला दाखवली. आपल्या खरेदीखतात जसे गाव, तालुका, गट नंबर आणि चतुःसीमा येतात, तशी तिथे ‘लँड लॉट अमुक, दुसरा डिस्ट्रिक्ट, पहिला सेक्शन’ अशी एक ओळ होती. हा नंबर कुठून आला, हे त्याने कधी विचारले नव्हते. विचारण्याचे कारणही नव्हते. तो नंबर १८३२ सालच्या सरकारी लॉटरीतला आहे. त्या वर्षी जॉर्जिया राज्याने तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे चेरोकी राष्ट्राची, जमीन नकाशावर चौकोनी तुकड्यांत कापली. शेतीचे तुकडे १६० एकरांचे आणि जिथे सोने सापडण्याची आशा होती तिथले ४० एकरांचे केले, आणि मिलेजव्हिल या तेव्हाच्या राजधानीत पिंपांतून चिठ्ठ्या काढून ते गोऱ्या रहिवाशांना वाटून टाकले. एका पिंपात माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या, दुसऱ्यात जमिनीच्या नंबरांच्या. चिठ्ठ्या निघत होत्या तेव्हा चेरोकी कुटुंबे त्याच जमिनीवर राहत होती आणि तीच शेते कसत होती. ज्यांच्या नावावरून या काउंटीचे नाव पडले ते जॉन फोर्सिथ म्हणजे जॉर्जियाचे सिनेटर. मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या १८३० च्या विधेयकासाठी सिनेटमध्ये किल्ला लढवणारे.

अमेरिकेच्या पश्चिमविस्ताराची जी कथा सिनेमांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंत आली, तिच्यात कापडी छताच्या गाड्या असतात, कुऱ्हाड घेतलेला कष्टाळू शेतकरी असतो, आणि झाल्या अन्यायाचा दोष कोणाला द्यायचाच असेल तर अँड्र्यू जॅक्सन नावाचा एक तापट सेनापती असतो, जो पुढे अध्यक्ष झाला. या कथेतली माणसे खरी आहेत, पण घटनांचा क्रम तिने उलटा लावला आहे. परवानगी न घेता घुसणारे लोक आधी जात हे खरे. पण त्यांची झोपडी टिकणार की उठणार, हे कुठल्या तरी कचेरीत आणि त्याआधी कुठल्या तरी सभागृहात ठरत असे. माझे म्हणणे असे आहे की एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत मूळ रहिवाशांची जी जमीन गेली, ती लढाईपेक्षा कायद्याने, कर्जाने आणि मतदानाने अधिक गेली, आणि गोऱ्या पुरुषांचा मताधिकार जसजसा रुंदावत गेला तसतशी ती अधिक वेगाने गेली. म्हणून या प्रकरणाला अमेरिकन लोकशाहीवरचा डाग म्हणणे मला अपुरे वाटते. डाग बाहेरून पडतो आणि धुऊन काढण्याची सोय असते. ही गोष्ट कापडाच्या विणीतच होती.

सुरुवात साखळीपासून करावी लागते. १७८५ च्या जमीनविषयक कायद्याने ओहायो नदीपलीकडच्या प्रदेशाची मोजणी ठरवून दिली. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्याचे एकेक चौरस मैलाचे ३६ विभाग, प्रत्येक विभाग ६४० एकरांचा, आणि त्यांतला सोळावा शाळेसाठी राखीव. मोजायला गंटरची ६६ फुटी साखळी. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या मोजणीत वापरलेली शंकू साखळी हिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची. आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो याच हिशेबाने. सातबारा वाचणाऱ्या माणसाला ओहायोचा नकाशा त्यामुळे फारसा परका वाटणार नाही. इथे मात्र ती साखळी सारा बसवण्यासाठी, कसणाऱ्याचे नाव विचारत शेतातून फिरली. तिथे ती राहणाऱ्याचे नाव न विचारताच पडली. फिलाडेल्फियात बसलेल्या माणसाला न पाहिलेली जमीन विकत घेता यावी, हाच त्या चौकोनांचा मुख्य उपयोग होता.

पुढे दोनच वर्षांनी, १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्यात, मूळ रहिवाशांशी नेहमी पूर्ण सचोटीने वागले जाईल आणि त्यांची जमीन त्यांच्या संमतीशिवाय कधीही घेतली जाणार नाही, असे वचन लिहिले गेले. त्याच कायद्यात, एखाद्या भागात ६०,००० मुक्त रहिवासी झाले की त्याचे नवे राज्य करून संघात घ्यावे, अशीही तरतूद होती. एकाच कागदावरची ही दोन वचने एकत्र पाळता येण्यासारखी नव्हती. साठ हजार माणसे कुठे तरी राहणार, आणि ती जिथे राहणार ती जमीन आधीच कोणाची तरी असणार. वचन मोडायचे नाही आणि राज्य तर करायचे आहे, म्हटल्यावर उरतो तो एकच मार्ग: संमती पैदा करायची. पुढच्या अर्धशतकातले बहुतेक तह हे या एका गरजेचे अपत्य आहेत.

१८०३ च्या लुइझियाना खरेदीतही हेच दिसते. त्या वर्षी आपल्याकडे असईची लढाई झाली. तिकडे दीड कोटी डॉलरना सुमारे ८,२८,००० चौरस मैलांचा व्यवहार झाला आणि देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. नेपोलियनने हा प्रदेश विकायला काढला, कारण सेंट-डोमिंगमधल्या, म्हणजे आजच्या हैतीतल्या, बंडखोर गुलामांनी आणि पिवळ्या तापाने त्याची फौज संपवली होती, आणि ब्रिटनशी नवे युद्ध तोंडावर आले होते. पैसा उभा करून दिला तो लंडनच्या बेअरिंग आणि अॅमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी. त्यांतले सर फ्रान्सिस बेअरिंग हे एकेकाळी ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते. आपल्या देशाशी लढणाऱ्या माणसाच्या तिजोरीत लंडनच्या पेढीने भर घालावी, यात त्या काळच्या सावकारीला काही वावगे वाटले नाही. अशी खरेदी करण्याचा अधिकार राज्यघटना देते का, अशी शंका खुद्द अध्यक्ष जेफरसन यांना होती. घटनादुरुस्तीचा मसुदाही त्यांनी करून पाहिला, आणि उशीर झाला तर सौदा हातचा जाईल या भीतीने बाजूला ठेवला. सिनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी तह मान्य केला.

पण फ्रान्सने नेमके विकले काय? न्यू ऑर्लिन्स शहर, नदीकाठच्या काही वस्त्या आणि ठाणी, एवढेच फ्रान्सच्या हातात म्हणावे असे होते. उरलेला विस्तीर्ण मुलूख ओसेज, सू, पॉनी अशा अनेक लोकांच्या वहिवाटीत होता आणि त्यांना कोणी काही विचारले नव्हते. खरेदी झाली ती त्यांच्याकडून जमीन घेण्याच्या पहिल्या हक्काची. १८२३ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या न्यायालयाने हे तत्त्व निकालातच मांडले: वहिवाट मूळ रहिवाशांची, अंतिम मालकी ‘शोध’ लावणाऱ्या राष्ट्राची, आणि त्यांना जमीन विकायची झालीच तर ती फक्त सरकारलाच विकता येईल. एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात भाव कोण ठरवतो, हे कांदा पिकवणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

भाव पाडण्याचे तंत्रही लेखी उपलब्ध आहे. लुइझियानाचा सौदा होण्याआधी दोन महिने, फेब्रुवारी १८०३ मध्ये, जेफरसन यांनी इंडियाना प्रदेशाचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांना एक खाजगी पत्र लिहिले. त्यातला मुद्दा असा की आपण सरकारी व्यापारी दुकाने वाढवावीत, मूळ रहिवाशांमधल्या वजनदार लोकांना तिथे उधारी होऊ द्यावी, कारण कर्ज फेडण्यापलीकडे गेले की जमीन देऊन त्यातून मोकळे व्हायला ते तयार होतात. गावच्या सावकाराने एखाद्या कुणब्याची बागायत डोळ्यापुढे ठेवून त्याच्या मुलीच्या लग्नाला हसतमुखाने पैसे द्यावेत, त्यातलाच हा प्रकार. फरक असा की इथला सावकार स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक होता. मी हे उपहासाने म्हणत नाही. जेफरसन यांना छोट्या, स्वतंत्र, कर्जमुक्त शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक मनापासून हवे होते, आणि त्या शेतकऱ्याला लागणारी जमीन दुसऱ्या कोणाला कर्जात बुडवल्याशिवाय मिळत नव्हती.

हॅरिसन यांनी हे काम चोख केले. १८०९ च्या फोर्ट वेन तहात त्यांनी सुमारे ३० लाख एकर घेतले, तेही अशा जमातींच्या सह्या घेऊन ज्यांचा त्या सगळ्या जमिनीवर एकट्याने हक्क होता की नाही, हाच वादाचा मुद्दा होता. शॉनी नेता टेकम्से याने १८१० मध्ये विन्सेन्सला येऊन हॅरिसन यांच्यासमोर हरकत घेतली की ही जमीन सर्वांची सामायिक आहे आणि कोणा एका जमातीला ती विकता येत नाही. सामायिक क्षेत्रातला एक हिस्सेदार बाकीच्यांना न विचारता सही करून आला तर काय होते, हे आपल्या दिवाणी न्यायालयांत रोज पाहायला मिळते. टेकम्सेला न्यायालय नव्हते. १८११ मध्ये टिपकनूला लढाई झाली, १८१३ मध्ये तो मारला गेला, आणि १८४० मध्ये हॅरिसन त्याच टिपकनूचे नाव घोषणेत मिरवत अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले.

इथे मताधिकाराकडे वळायला हवे. ओहायो १८०३, लुइझियाना १८१२, इंडियाना १८१६, मिसिसिपी १८१७, इलिनॉय १८१८, अलाबामा १८१९, मिसुरी १८२१ अशी राज्यांची रांग लागली. प्रत्येक नव्या राज्याला, लोकसंख्या कितीही असो, दोन सिनेटर मिळत. यांतल्या बहुतेक नव्या राज्यांनी मतदानासाठी मालमत्तेची अट ठेवली नाही किंवा नावापुरती ठेवली, आणि जुन्या राज्यांनाही हळूहळू ती सैल करावी लागली. १८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र मतदारांपैकी जेमतेम चौथा हिस्सा मतदानाला आला होता. १८२८ मध्ये, जॅक्सन निवडून आले तेव्हा, निम्म्याहून अधिक आला. सामान्य गोरा माणूस राजकारणात उतरला, ही त्या काळातली मोठी गोष्ट होती आणि तिचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण याच वर्षांत दरवाजा दुसऱ्या बाजूने बंद होत होता. न्यूयॉर्कने १८२१ मध्ये गोऱ्यांसाठी अट शिथिल करताना काळ्या मतदारांवर २५० डॉलरच्या मालमत्तेची अट कायम केली. टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना आणि पेनसिल्व्हेनिया यांनी १८३४ ते १८३८ या काळात मुक्त काळ्या नागरिकांचा असलेला मताधिकारही काढून घेतला.

या नव्या मतदाराला काय हवे होते? स्वस्त जमीन. १८०० च्या कायद्याने किमान ३२० एकर, एकरी दोन डॉलर, चार वर्षांच्या हप्त्यांनी मिळत असे. १८१९ च्या मंदीत हप्ते थकले आणि हजारो घरे बुडीत निघाली. १८२० मध्ये काँग्रेसने उधारी बंद केली, किंमत सव्वा डॉलरवर आणली आणि ८० एकरांचा तुकडाही विकायला काढला, म्हणजे शंभर डॉलर रोख मोजणाऱ्याला शेत मिळू लागले. त्यातच कापूस. व्हिटनीच्या सरकीयंत्रानंतर आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला होता, आणि अलाबामा-मिसिसिपीच्या काळ्या मातीवर मळेवाल्यांचे डोळे लागले होते. उमेदवार कोणत्याही बाजूचा असो, पश्चिमेच्या मतदारापुढे जमिनीला विरोध करून तो निवडून येणे कठीण होते, आणि ज्यांची जमीन वाटायची त्यांना तर मतच नव्हते. असे गणित मांडले की उत्तर काय येणार, हे सांगायला जॅक्सन यांचा स्वभाव आणावा लागत नाही.

चेरोकींना हे गणित कळले होते, आणि म्हणूनच त्यांनी दिलेले उत्तर मला त्या काळातली सर्वांत बुद्धिमान राजकीय कृती वाटते. १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत ते क्रीक या दुसऱ्या मूळ जमातीविरुद्ध जॅक्सन यांच्या बाजूने लढले होते, नदी पोहून पलीकडच्या नावा पळवून त्यांनीच ती लढाई सोपी केली होती, आणि त्यानंतरच्या तहात जॅक्सन यांनी दोन कोटींहून अधिक एकर घेताना आपल्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन सोडली नाही, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हा त्यांनी कागदाला कागदाने उत्तर देण्याचे ठरवले. सिक्वोया या कारागिराने, ज्याला दुसरी कोणतीही लिपी वाचता येत नव्हती, १८२१ पर्यंत चेरोकी भाषेसाठी लिपी तयार केली. आपल्या बाराखडीसारखी, एका चिन्हात व्यंजन आणि स्वर एकत्र बोलणारी. १८२७ मध्ये न्यू इकोटा या आपल्या राजधानीत त्यांनी लेखी राज्यघटना केली, आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये चेरोकी व इंग्रजी अशा दोन भाषांत वर्तमानपत्र काढले. हे चित्र गोंडस करण्याची गरज नाही. १८३५ च्या शिरगणतीत साडेसोळा हजार चेरोकींकडे सुमारे १,६०० काळे गुलाम होते, आणि त्यांच्या राज्यघटनेनेही काळ्यांना मताधिकार दिला नव्हता. शेजाऱ्याकडून त्यांनी घटना उचलली तसा तिच्यातला दोषही उचलला.

जॉर्जिया चिडले ते त्या घटनेमुळे. केंद्र सरकारने १८०२ मध्ये जॉर्जियाकडून पश्चिमेचे दावे सोडवून घेताना, राज्याच्या हद्दीतली मूळ रहिवाशांची मालकी शांततेने आणि वाजवी अटींवर जमेल तितक्या लवकर संपवू, असे कबूल केले होते. जंगलात शिकार करणारे लोक आज ना उद्या निघून जातील, हा त्यामागचा हिशेब. न्यायालय, विधिमंडळ आणि छापखाना असलेले लोक जात नसतात. ‘हे रानटी आहेत म्हणून त्यांना हलवा’ ही जाहीर सबब होती, आणि ते तसे राहिले नाहीत, ही खरी अडचण होती. जॉर्जियाने १ जून १८३० पासून चेरोकी मुलखाला आपले कायदे लागू केले आणि चेरोकींचे कायदे रद्द ठरवले. दरम्यान याच मुलखात डाहलोनेगाजवळ सोने सापडले होते.

मे १८३० चे तीन दिवस मला या साऱ्या काळाचे सार वाटतात. २७ मे रोजी जॅक्सन यांनी केंटकीतल्या मेझव्हिल रस्त्याच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. साठेक मैलांच्या स्थानिक रस्त्यावर केंद्राने पैसा घालणे घटनेत बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. २८ मे रोजी त्यांनी मूळ रहिवाशांच्या स्थलांतराच्या कायद्यावर सही केली, ज्यात पाच लाख डॉलरची तरतूद होती आणि जो अमलात आणायला पुढे त्याच्या कैक पट खर्च आणि फौजफाटा लागला. २९ मे रोजी, सरकारी जमिनीवर आधीच घुसून बसलेल्यांना १६० एकरांपर्यंत जमीन किमान भावाने विकत घेण्याचा पहिला हक्क देणारा कायदा झाला. रस्त्याला सरकारचे हात बांधलेले, हुसकावण्याला मोकळे, आणि अतिक्रमण नियमित. मर्यादित सरकारचे तत्त्व कोणाच्या दारात थांबते, ते या तीन तारखांत स्पष्ट दिसते.

कायद्याच्या मजकुरात बळजबरीचा शब्द नाही. जे जायला तयार होतील त्यांच्याशी जमिनीची अदलाबदल करावी, एवढेच त्यात आहे. सिनेटमध्ये न्यू जर्सीचे थिओडोर फ्रेलिंगहायसेन तीन दिवस मिळून सहा तास विरोधात बोलले. तिथे विधेयक २८ विरुद्ध १९ मतांनी गेले. प्रतिनिधिगृहात मात्र ते १०२ विरुद्ध ९७ असे निसटते पार पडले. या पाच मतांकडे थोडे थांबून पाहायला हवे. गुलामगिरी असलेल्या राज्यांतून ६१ जण बाजूने आणि १५ विरोधात होते. मुक्त राज्यांतून ४१ बाजूने आणि ८२ विरोधात. आता राज्यघटनेच्या तीन-पंचमांश कलमाचा हिशेब करा. प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरली जात. १८२० च्या जनगणनेत सुमारे १५ लाख गुलाम होते. त्यांचे तीन-पंचमांश म्हणजे नऊ लाख. दर ४०,००० माणसांमागे एक प्रतिनिधी, म्हणजे ढोबळ मानाने वीसहून अधिक जागा केवळ गुलामांच्या डोक्यांवर मिळालेल्या. ज्यांना मत नव्हते त्यांची डोकी मोजून मिळालेल्या मतांनी, ज्यांना मत नव्हते अशा दुसऱ्यांची जमीन घेण्यात आली. आणि मग त्याच जमिनीवर कापूस लावायला, डोकी मोजलेल्या त्या माणसांना साखळदंडांत चालवत नेण्यात आले.

या युक्तिवादाला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की हे अटळ होते: १७९० मध्ये ३९ लाख असलेली लोकसंख्या १८३० मध्ये सव्वा कोटीच्या पुढे गेली, एवढा लोंढा कोण अडवणार? लोंढा होता हे कबूल. पण पाच मतांनी जे ठरले त्याला अटळ म्हणणे म्हणजे मतदानाला अर्थ नाही म्हणण्यासारखे आहे. तीन जणांनी बाजू बदलली असती तर विधेयक पडले असते. टेनेसीचे डेव्ही क्रॉकेट आपल्याच राज्यातून आलेल्या अध्यक्षाविरुद्ध मत देऊन बसले आणि १८३१ च्या निवडणुकीत पडले. असे करणाऱ्याला किंमत मोजावी लागत होती, पण करता येत होते. दुसरा आक्षेप, आजच्या फूटपट्टीने तो काळ मोजू नये, हा. मी आजची फूटपट्टी आणलेलीच नाही. फ्रेलिंगहायसेन यांचे भाषण त्याच काळातले, प्रतिनिधिगृहातली ९७ मते त्याच काळातली, काँग्रेसकडे आलेले स्त्रियांचे अर्ज त्याच काळातले, आणि १७८७ चे सचोटीचे वचन तर त्याहून जुने. ज्या फूटपट्टीने ते कमी भरले ती त्यांची स्वतःची होती.

न्यायालयाची गोष्ट लवकर सांगून संपते, कारण तिचा परिणाम थोडा झाला. १८३१ मध्ये मार्शल यांनी चेरोकींना परके राष्ट्र मानायला नकार देऊन ‘देशांतर्गत, अवलंबून असलेले राष्ट्र’ अशी एक नवी जात काढली. पुढच्या वर्षी, जॉर्जियाच्या कायद्याखाली तुरुंगात टाकलेल्या सॅम्युअल वूस्टर या मिशनऱ्याच्या खटल्यात, जॉर्जियाचे कायदे चेरोकी मुलखात चालत नाहीत असा स्वच्छ निकाल त्यांनी दिला. वूस्टर तरीही १८३३ च्या जानेवारीपर्यंत मिलेजव्हिलच्या तुरुंगातच होते. ‘मार्शलनी निकाल दिला आहे, आता त्यांनीच तो अमलात आणावा’ हे जॅक्सन यांच्या तोंडी घातलेले वाक्य त्यांनी उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही, आणि त्याची जरुरीही नाही. याच हिवाळ्यात साउथ कॅरोलिनाने केंद्राचा जकात कायदा धुडकावला तेव्हा जॅक्सन यांनी फौज वापरण्याची धमकी दिली आणि तसा कायदाही करून घेतला. संघराज्य ही काय चीज आहे, ते त्यांना चांगलेच ठाऊक होते. जकातीसाठी ती तलवार म्यानाबाहेर निघाली. तहांसाठी निघाली नाही.

कायद्याची अंमलबजावणी कशी झाली, याचा क्रीकांइतका बोलका नमुना दुसरा नाही. १८३२ च्या तहाने क्रीक कुटुंबप्रमुखांना प्रत्येकी ३२० एकर वैयक्तिक मालकीने मिळाले, विकण्याच्या मुभेसह. सामायिक जमीन व्यक्तीच्या नावावर करून देणे, यापेक्षा आधुनिक आणि उदार काय असणार? सट्टेबाजांनी काय केले, तर एखाद्या भलत्याच क्रीक माणसाला खरा खातेदार म्हणून सरकारी अधिकाऱ्यापुढे उभे केले, त्याच्या हातावर पैसे ठेवल्याचे दाखवले, सही घेतली आणि बाहेर आल्यावर पैसे काढून घेतले. तोतया खातेदार उभा करून केलेले खरेदीखत ही आपल्या तालुक्याच्या गावी मुरलेल्या मंडळींना नवी कल्पना वाटणार नाही. खऱ्या खातेदाराला आपली जमीन विकली गेल्याचे कळे ते नवा मालक दारात आल्यावर.

१८३१ च्या डिसेंबरात मेम्फिसला चॉक्टॉ या आणखी एका मूळ जमातीचे लोक मिसिसिपी ओलांडताना अलेक्सी द तॉकव्हिल या फ्रेंच न्यायाधिकाऱ्याने पाहिले. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. म्हातारे, आजारी, नुकती जन्मलेली मुले होती आणि कोणी रडत नव्हते. सगळे बोटीवर चढले. कुत्री काठावर राहिली. आपल्याला मागे ठेवले जात आहे हे लक्षात येताच ती एकदम विव्हळली आणि थंड पाण्यात उड्या टाकून बोटीमागे पोहू लागली. हे स्थलांतर कागदोपत्री स्वेच्छेचे होते.

चेरोकींच्या बाबतीत स्वेच्छेसाठी सह्या लागत होत्या आणि निवडून आलेले प्रमुख जॉन रॉस सही करीत नव्हते. १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून वाटाघाटी करून रॉस परतले, तेव्हा त्यांचे स्वतःचे घर लॉटरीच्या एका विजेत्याच्या ताब्यात गेलेले होते. त्याच वर्षी २९ डिसेंबरला न्यू इकोटाला काहीशे लोक जमले आणि वीसेक जणांनी, कोणत्याही अधिकाराविना, ५० लाख डॉलरच्या बदल्यात सगळी जमीन दिल्याच्या तहावर सह्या केल्या. पंधरा हजारांहून अधिक चेरोकींच्या नावांचा निषेधअर्ज काँग्रेसकडे गेला. सिनेटने १८३६ च्या मे महिन्यात ३१ विरुद्ध १५ मतांनी तह मंजूर केला. दोन-तृतीयांशाला एक मतही जास्त नव्हते. त्याच साली जमीनविक्रीतून केंद्र सरकारला जकातीपेक्षा अधिक उत्पन्न मिळाले, आणि राष्ट्रीय कर्ज तर वर्षभर आधीच फिटले होते. १८३८ मध्ये जनरल विन्फिल्ड स्कॉट यांच्या सैनिकांनी चेरोकींना घरांतून काढून छावण्यांत कोंडले आणि मग पश्चिमेकडे धाडले. छावण्यांत आणि वाटेत मेलेल्यांचा अंदाज चार हजारांच्या आसपास केला जातो.

न्यू इकोटाच्या त्या तहात एक सातवे कलम आहे. काँग्रेस जेव्हा तशी तरतूद करील तेव्हा चेरोकी राष्ट्राला प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क राहील, असे ते सांगते. जमीन देण्याचे कलम मंजुरीनंतर अवघ्या दोन वर्षांत संगिनीच्या धाकाने अमलात आले. सातव्या कलमाची आठवण देत चेरोकी नेशनने २०१९ मध्ये किम्बर्ली टीही यांचे नाव पाठवले, आणि २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या एका समितीपुढे त्यावर सुनावणीही झाली. १०२ विरुद्ध ९७ अशी मते जिथे मोजली गेली, त्या सभागृहात ती खुर्ची अजून मांडलेली नाही.